दोन किलोची सावली

बसच्या पोटातून ड्रायव्हरने ती लांबोडकी पिशवी ओढून काढली आणि रस्त्यावर सोडली. लोखंडी नळ्यांचा असा खणखणाट झाला, की समोरच्या दुकानाच्या पायरीवर पसरलेलं मांजर उठलं आणि अंग झटकून आत निघून गेलं.

"तोफ घेऊन चाललीस का गं, पोरी?" ड्रायव्हरने कपाळ पुसत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बस वळवली.

मेल्पोने उत्तर दिलंही नसतं. टोमण्याला टोमणा द्यायचा तर अंगात थोडा तरी जोर लागतो. तिच्या अंगातला जोर जुलैतच संपला होता, आणि आता सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडला होता. तिने पाठीवरची सॅक सावरली, पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागली. तीन पावलं झाली... थांबली. आणखी दोन... पुन्हा थांबली.

"लग्न कुणाचं आहे?"

दुकानाच्या दारात एक माणूस उभा होता. तिशी ओलांडलेला, कानामागे पेन्सिल, हातात गळाच्या दोऱ्याचं रीळ. चेहरा गंभीर, पण डोळे नुसते हसत होते.

"काय?"

"मांडव दिसतोय. म्हटलं, लग्न असेल."

"किनाऱ्याची वाट कुठे आहे, तेवढं सांगा."

"ती काय, चर्चच्या मागून. आधी चढ, मग उतार. रिकाम्या हाताने पंचवीस मिनिटं." त्याने पिशवीकडे पाहिलं, मनाशी हिशेब केला. "हे घेऊन... परवा पोचाल."

खरं तर तिला राग यायला हवा होता, पण आलं हसू. आणि हसता हसताच ती त्या पिशवीवर मटकन बसली. मग मात्र उठवेना.

"सीफिस!" आतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "उन्हात काय उभी केलीयस तिला? आत आण!"

तर ही मेल्पो. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इराक्लियो शहरात, एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात कामाला. एप्रिल ते ऑक्टोबर चादरी, टॉवेल, अभ्रे आणि पुन्हा चादरी. घरी गेलं की आई, भाऊ मिनास, भावजय आणि त्यांची दोन मुलं. सगळे प्रेमळ, आणि सगळ्यांचं सगळं मेल्पोवाचून अडलेलं. सहा वर्षांत तिने उन्हाळ्यात एकही सुट्टी घेतली नव्हती. ही चार दिवसांची रजासुद्धा मागून मिळाली नव्हती, इस्त्रीच्या मशीनपुढे भोवळ येऊन पडली म्हणून मिळाली होती. डॉक्टरने औषधही लिहून दिलं नाही. "झोपा," एवढंच म्हणाला. तेव्हा मेल्पोने ठरवलं होतं. बेटाच्या दक्षिणेला, जिथे आपल्याला कुणी हाक मारणार नाही अशा किनाऱ्यावर जायचं, सावली करायची आणि झोपायचं. आयुष्याकडे याहून जास्त काही मागायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

रात्रीसाठी तिच्या सॅकमध्ये एका माणसाचा छोटा तंबू होता. पण दिवसा त्याची भट्टी होते, म्हणून सावली हवी. तर मिनासने घरचा तो सहाजणांचा मांडवच बसमध्ये चढवून दिला. "अरे, मी एकटीच आहे," ती म्हणाली होती. "असू दे, कुणी आलं तर?" तो म्हणाला होता. त्या घरात एका माणसापुरतं काही आणायची रीतच नव्हती.

दुकानात गारवा होता. गळ, झाडू, मेणबत्त्या, पोहण्याचे चष्मे, सगळं एकत्र टांगलेलं. गल्ल्यापाशी सीफिसची कॅलिरोई आत्या रानभाजी निवडत बसली होती. तिने मेल्पोला पाण्याचा ग्लास दिला आणि चार अंजिरं पुढे केली.

"सावली हवीय," मेल्पो म्हणाली. "हलकी. आणि माझ्या पगाराला झेपेल अशी."

"किती जणांसाठी?" सीफिसने विचारलं.

"सहा."

सहज निघून गेलं तोंडातून. मग तिचं तिलाच ऐकू आलं. "नाही... एक. मी एकटीच आहे."

सीफिसने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. थट्टा बाजूला ठेवून तो फळीकडे वळला. "एकासाठी कुणी बनवतच नाही हो. दोघांची आहे. उरलेल्या जागेत पाय पसरा."

मग त्याने माल काढायला सुरुवात केली. आधी छत्री काढली आणि लगेच परत ठेवली. "ही स्वस्त आहे, पण आमच्या किनाऱ्यावर छत्री विकणं म्हणजे पाप. वारा सुटला की भाला होतो तिचा." मग एक गोल चपटी पिशवी काढली. "हा तंबू आपोआप उघडतो."

"मग छानच की."

"आपोआप मिटत नाही. गेल्या वर्षी अथेन्सचे एक वकीलसाहेब दोन तास कुस्ती खेळले त्याच्याशी. शेवटी तसाच उघडा डोक्यावर घेऊन बसमध्ये शिरायला बघत होते."

"आणि शिरले?"

"ते शिरले. तंबू आत्याने अंगणात कोंबड्यांना दिला."

"अंडी वाढली," भाजीतून मान वर न काढता आत्या म्हणाली.

तिसरी सावली चकचकीत होती, सगळ्यांत महागही. मेल्पोने तिचा कोपरा चिमटीत धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "एकेरी टाका आहे. दोरी बांधायची तिथेच एकेरी. दोन दिवसांत उसवेल."

सीफिसने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग फळीच्या तळातून राखाडी कापडाची एक गुंडाळी काढली. कापड, दोन बारीक खांब, दोऱ्या आणि वाळू-गोटे भरायला चार रिकाम्या थैल्या. सगळं मिळून दोन किलोलाही कमी, किंमत अडतीस युरो. मेल्पोने कापड तिरकं ताणून पाहिलं, दारापाशी नेऊन उजेडात धरलं. आतून काळपट लेप होता, ऊन झिरपत नव्हतं. कोपऱ्यांना दुहेरी कापड लावलेलं होतं.

"हे," ती म्हणाली.

"आठ वर्षं दुकान चालवतोय. कापड उजेडात धरून बघणारं गिऱ्हाईक आजच भेटलं."

"इराक्लियोत धुलाईघरात आहे मी. दिवसाला हजारभर चादरी जातात हाताखालून."

"मग सुट्टीतही कापडच?"

"हे धुवायचं नाहीये," मेल्पो म्हणाली, आणि दोघंही हसले.

"खरं सांगायचं तर खांब जरा नाजूक आहेत," तो म्हणाला. "आणि एक लक्षात ठेवा. ठेंगणी बाजू डोंगराकडे, उघडी समुद्राकडे."

"अहो, मी समुद्राकाठीच वाढलेय. वारा कुठून येतो हे आता मला शिकवू नका."

सीफिसने आत्याकडे पाहिलं. आत्याने सीफिसकडे पाहिलं. "इराक्लियोची माणसं!" आत्या पुटपुटली आणि मांडवाची पिशवी पायाने फळीखाली सरकवली. "ही राहू दे इथेच. जाताना ने."

इराक्लियोच्या किनाऱ्यावर वारा समुद्रावरून येतो. तिथलं पोरसुद्धा काही मांडायचं तर समुद्राला पाठ करून मांडतं. मेल्पोनेही तेच केलं. खाडीच्या टोकाला गोट्यांमधला वाळूचा एक तुकडा निवडला, कापडाची ठेंगणी कड पाण्याच्या बाजूला खिळली आणि उंच उघडी बाजू डोंगराकडे ठेवली. आत शिरली, पाय पसरले. हुश्श... सावली गडद होती. पाणी गोट्यांवरून मागे सरताना कुरकुर वाजत होतं. तिने डोळे मिटले.

आणि दक्षिण किनाऱ्यावरचा वारा तर डोंगरावरूनच खाली कोसळतो.

आधी रानझुडपांचा उग्र वास आला, मग एक लोट. तो उघड्या बाजूने आत घुसला, कापड पोट फुगवून उभं राहिलं, चारही थैल्या फटाफट निसटल्या. मेल्पो उठून बसेपर्यंत तिच्या डोक्यावर निळं आकाश होतं आणि अडतीस युरोंची सावली पाण्यावर तरंगत चालली होती.

ती ओरडली नाही, धावलीही नाही. उन्हात नुसती बसून राहिली, जाणाऱ्या कापडाकडे बघत. "जा," ती म्हणाली. "तूही जा."

"ओ इराक्लियो! हे तुमचंच ना?"

खाडीच्या टोकाच्या खडकापाशी कंबरभर पाण्यात सीफिस उभा होता. कापड खडकाला अडकलं होतं, आणि तो ते ओढून खांद्यावर टाकत होता. दुपारी दोन ते साडेपाच गावात सगळी दारं बंद असतात. त्या वेळात तो रोज इथे पोहायला यायचा, असं त्याचं म्हणणं. रोज ह्याच टोकाला यायचा का, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

"बोला," तो ओलाचिंब समोर येऊन उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली. "बोलून घ्या. मी सांगितलं होतं, म्हणा."

"मी काही म्हणत नाही."

"डोळे म्हणतायत."

"डोळ्यांना... दुकान बंद झाल्यावर मी आवरत नाही." त्याने कापड पिळलं. "लावून देऊ?"

"नको. मीच लावीन. तुम्ही नुसतं सांगा. आणि हात मागे."

"हात मागे?"

"मागे. तुम्ही हात लावलात की मग मी कॉफी करून द्यायची, जेवायला थांबवायचं, आभार मानायचे. माझ्यात तेवढं त्राण नाही."

सीफिसने खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "ठेंगणी कड डोंगराकडे. हं... आणखी वळवा. आता थैल्या. अर्ध्याच भरा, पण वाळूत पुरा. हातभर खोल. नुसत्या वर ठेवलेल्या थैल्या म्हणजे वाऱ्याचा नाश्ता."

"पुढे?"

"दोऱ्या सरळ नको, तिरक्या बाहेर ओढा. खांबाखाली चपटा दगड, नाहीतर रुततो. आणि कापड घट्ट ताणा. फडफडलं की फाटतं."

"हे मला माहीत आहे. कापडाचं मला नका सांगू."

"मग वाऱ्याचं तुम्ही मला सांगू नका."

पुढचा लोट आला. कापड डोंगराकडून आलेल्या वाऱ्यापुढे पाठ वाकवून बसलं, नुसतं गुरगुरलं आणि राहिलं. मेल्पोने तोंडावरचे केस बाजूला केले. तिचे हात कोपरापर्यंत वाळूने भरले होते. सीफिस तिच्याकडे बघत होता. हात अजून मागेच.

"सोडा आता," ती म्हणाली.

"काय?"

"हात."

"अं... हो." आणि कान लाल करून तो पोहायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, हातात एक डबा घेऊन. आत्याने पाठवलंय, म्हणाला. जवाच्या खरपूस रस्कवर किसलेला टोमॅटो, ओलं चीज, वर तेलाची धार. सावलीत डबा मध्ये ठेवून दोघांनी खाल्लं. कधीतरी खाता खाता 'अहो' गळून पडलं, आणि ते कुणी उचललं नाही.

"झोप झाली?" त्याने विचारलं.

"नाही. डोळा लागतो, आणि दहा मिनिटांत कानात मशीनची शिट्टी वाजते. मी दचकून उठते, चादरी काढायला."

"काल रात्री?"

"रात्री दोनदा आईने हाक मारली. म्हणजे... मारली नाही. ती तिकडे, मी इथे."

त्याने सल्ला दिला नाही. समुद्राकडे तोंड करून तो गोटे पाण्यात टाकत बसला. एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मेल्पोला ते आवडलं. माणूस जवळ असूनही आपल्याकडून काही मागत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. जाताना तो म्हणाला, "तुझ्या नाकावर वाळू आहे. कालपासून आहे."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल हात मागे होते," तो म्हणाला. बोटाच्या टोकाने त्याने ती वाळू पुसली आणि झपाझप निघून गेला. मेल्पो बराच वेळ नाकाला हात लावून बसली होती. झोप त्या दिवशीही आली नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, फोन वाजला. सीफिस कलिंगड कापत होता. मिनासचा आवाज एवढा मोठा, की कलिंगडालाही ऐकू जावा.

"मेल्पो! उद्या आम्ही सगळे येतोय! मी, मुलं, आई, शिवाय सासूबाई म्हणतायत त्याही येतील. तू सकाळी लवकर जागा धर आणि मोठा मांडव लावून ठेव. आणि गावात मिळालं तर कोंबडीचं बघ. मुलांना तुझ्या हातचीच लागते."

मेल्पोने डोळे मिटले. "बघते," ती म्हणाली.

तिच्या घरी 'बघते' म्हणजे 'हो'. फोन ठेवून तिने कलिंगडाची फोड हातात घेतली आणि तशीच धरून बसली. रस मनगटावरून ओघळत होता.

"मांडव मी आणतो," सीफिस हळूच म्हणाला. "सकाळी गाडीने वळणापर्यंत, पुढे खांद्यावर. तू..."

"तुला कुणी सांगितलंय?" ती एकदम फिस्कारली. "का सगळे माझ्यासाठी काहीतरी करतात, आणि शेवटी ते मलाच फेडायला लागतं?"

त्याची सुरी कलिंगडात थांबली.

"होता एक," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "चार वर्षं. त्याचं बुडणारं दुकान, त्याची आजारी आई, त्याचा राग... सगळं मी उचललं. आणि एक दिवस म्हणाला, तू हल्ली हसत नाहीस. गेला." तिने फोड गोट्यांवर ठेवली. "तू चांगला आहेस, सीफिस. मला कळतं, मी आंधळी नाही. पण मी दमलेय रे. मला आता आणखी एक माणूस सांभाळायचा नाहीये. तू आवडलास तरीही नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं.

सीफिसने सुरी पुसली, मिटली. उठला. कलिंगड तिथेच ठेवून तो वाटेला लागला. त्या संध्याकाळी पाणी काचेसारखं होतं, आणि मेल्पोने तिकडे एकदाही पाहिलं नाही.

रविवारी सकाळी ती गावात गेली. दुकान बंद होतं, पण आत्याने मागच्या दाराने आत घेतलं. मेल्पोने फळीखालून पिशवी ओढली, पट्टा धरला आणि उचलली. एक टोक वर आलं. दुसरं आलं नाही.

तिने ते टोक खाली ठेवलं. खरं तर तिला ते नेता आलं असतं. आजवर याहून जड ओझी तिने नेली होती. पण आज हातांनी ऐकलंच नाही. ती पिशवीच्या शेजारी फरशीवर बसली आणि फोन लावला.

"मिनास, येऊ नका."

"काय? अगं, गाडी भरून झाली!"

"रिकामी कर. मी झोपणार आहे."

"दिवसभर?"

"दिवसभर."

पलीकडे गाडीचं दार आपटलं. मागे मुलांचा आरडाओरडा चालला होता. मग मिनासचा आवाज, या वेळी बारीक: "तू बरी आहेस ना, मेल्पो?"

"नाही रे. दमलेय. फार दमलेय. इतके दिवस सांगितलं नाही, कारण सांगायलाही वेळ नव्हता."

"आम्हाला वाटलं..." तो थांबला. "आईला मी सांगतो काहीतरी. झोप तू."

इतकंच. आकाश कोसळलं नाही. गल्ल्यापाशी आत्या पाठ करून उभी होती आणि एकच बरणी परत परत पुसत होती. "सीफिस चर्चमध्ये गेलाय," ती म्हणाली, कुणीही विचारलेलं नसताना. "देवाधर्माचा नाही तो. काल जेवला नाही."

मेल्पो किनाऱ्यावर परतली. सावलीत शिरली, सॅक डोक्याखाली घेतली. आता उठून सॅक भरायला हवी, संध्याकाळी साडेपाचची बस, असं काहीतरी मनात आलं... आणि पुढचं काही आठवत नाही.

जाग आली ती मानेला रग लागल्यामुळे. शिट्टी नाही, हाक नाही. आधी तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. तोंड कोरडं, गालावर सॅकच्या चेनचा वळ. डोक्यावर राखाडी कापड होतं, फक्त त्याचा एक कोपरा विचित्र वाकला होता. आणि त्या कोपऱ्याखाली, खांब असायचा तिथे, दोन पाय होते.

तिची नजर वर गेली. सीफिस उभा होता. उजवा हात डोक्यावर, मुठीत कापडाची कड. डावा हात उजव्या कोपराला आधार देत होता. बाहेरच्या बाजूचा कान, मान आणि दंड भाजलेल्या ढोबळ्या मिरचीसारखे लाल झाले होते. पायाशी खांब पडला होता, सांध्यावर मोडलेला.

"झोप झाली?" त्याने विचारलं.

"किती वाजले?"

"चार वाजून गेलेत. चर्चच्या घंटेवरून सांगतोय. खिशातून फोन काढता येईना."

"तू कधी आलास?"

"एक वाजता. तुला... बाय म्हणायला. तेवढ्यात मोठा लोट आला आणि खांब मोडला. मी पकडलं."

"तीन तास?" ती उठून बसली. "तीन तास उभा आहेस तू असा?"

"मध्ये हात बदलला."

"मूर्ख! तो बघ, तिकडे लाटांनी आणलेलं लाकूड पडलंय! ते आणून लावायचं की नाही?"

"दहा पावलांवर आहे," सीफिस म्हणाला. "मोजली नजरेने. पण हे सोडलं असतं, तर ऊन सरळ तुझ्या डोळ्यांवर आलं असतं. उठली असतीस."

"मग उठवायचं!"

"तुला?" तो म्हणाला. "तुला सगळेच उठवतात."

मेल्पो रडायला लागली. लाजून नाही, लपवून नाही. खांदे गदागदा हलवत, नाक ओढत, लहान मुलीसारखी रडली. सीफिसला तिच्याजवळ जाता येईना, कारण हात कापडाला अडकलेला. तो बिचारा तिथूनच म्हणत राहिला, "अगं... अगं, नको ना... दुकानाची हमी आहे ती! खांब मोडला तर दुकानदार उभा राहील, पावतीवर लिहिलंय..."

"कुठे लिहिलंय?"

"लिहितो ना. हात मोकळा झाला की लिहितो."

रडता रडता तिला हसू फुटलं. सीफिसने पायांवरचा भार बदलला.

"काल तू म्हणालीस ते मी रात्रभर उलटंपालटं केलं," तो म्हणाला. "मला सांभाळ, असं म्हणायला आलो नाही. माझं दुकान बरं चाललंय, आई ठणठणीत आहे, कॅनिया शहरात माझ्या भावाकडे राहते, सुनेशी भांडते. मला राग येतो, पण कमी येतो. मला फक्त... तू आवडतेस, मेल्पो. कापड उजेडात धरलंस ना, तेव्हापासून. एवढंच सांगायचं होतं. उत्तर नको. साडेपाचची बस आहे, मला माहीत आहे."

वारा आता मंदावला होता. पाणी गोट्यांवरून सावकाश मागे सरत होतं. मेल्पोने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. उभ्या उभ्या त्याचे डोळे जड झाले होते. हा माणूस रात्रभर झोपलेला नाही, हे तिला दिसलं. दमलेलं माणूस तिला लांबूनही ओळखता यायचं.

"दुसरी बस कधी आहे?" तिने विचारलं.

"सकाळी. सहा दहाला."

"माझी उद्याची कामाची पाळी दुपारी दोनला आहे."

सीफिसने कापडाची कड आणखी घट्ट धरली. त्याला समजलं की नाही, ते कळेना.

"आणि पुढच्या रविवारी मी परत येईन," ती म्हणाली. "एकटी. मिनासला सांगून येईन." मग थोडं थांबून, "मलाही तू आवडतोस. काल सांगितलंय मी. तू शेवटचं वाक्य ऐकलंस की नाही?"

"ऐकलं ना," सीफिस म्हणाला. "म्हणून तर झोप आली नाही."

ती उठली. त्याच्या शेजारी, अगदी खेटून उभी राहिली आणि त्याच्या मुठीच्या वर कापडाची कड पकडली. त्याची बोटं आखडली होती. तिने ती एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सोडवून झाल्यावरही तिने ते थोडा वेळ हातातच ठेवलं.

"झोप," ती म्हणाली.

"अगं, मी लाकूड आणतो की..."

"हात मागे. आणि झोप."

तो सावलीत आडवा झाला. तिच्याकडे बघत राहायचा त्याचा विचार असावा, पण दोन मिनिटांतच तोंड उघडं टाकून घोरायला लागला. मेल्पो उन्हात उभी राहिली. सहा वर्षं तिने जे जे उचललं होतं, ते कुणी ना कुणी तिच्या हातात दिलेलं होतं. हे तिने स्वतः मागून घेतलं होतं. खांदा भरून आला तेव्हा तिने हात बदलला, आणि ऊन त्याच्या डोळ्यांवर येत नाही ना, ते वाकून पाहिलं.